न वितळता जोडलेला सांधा

काशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गंगेचे घाट, अहल्याबाईंनी १७८० साली उभारलेले विश्वनाथाचे मंदिर आणि यात्रेकरूंची रांग ही उभी राहतात. धातुविद्येची आठवण सहसा कोणास होत नाही. वस्तुतः भारतात धातुशास्त्राचे अध्यापन करणारा पहिला स्वतंत्र विभाग याच नगरीत, बनारस हिंदू विद्यापीठात, १९२३ साली प्रा. एन. पी. गांधी यांच्या पुढाकाराने सुरू झाला. तो विभाग १९६८ साली विद्यापीठाच्या तंत्रविद्या संस्थेत समाविष्ट झाला आणि २०१२ पासून ती संस्था भारतीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखली जाते. नगराच्या दुसऱ्या टोकास रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे. तेथील पहिले डिझेल इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले आणि २०२० साली त्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स असे झाले. दक्षिणेकडे, विंध्याचलाच्या डोंगरांपलीकडे, रिहंद धरणाच्या सान्निध्यात रेणुकूट येथे १९६२ पासून ॲल्युमिनियम गाळले जात आहे. धातू निर्माण करणारे, धातू जाणणारे आणि धातूपासून वाहने घडविणारे असे तिघेही एका प्रदेशात नांदतात, ही गोष्ट सामान्य नव्हे. ॲल्युमिनियमचे दोन तुकडे एकमेकांस कसे जोडावेत आणि त्या जोडाची ताकद कशी मोजावी, हा प्रश्न म्हणूनच काशीस विशेष लागू आहे.

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पोलादाचे दोन पत्रे वितळवून जोडणे ही आज गल्लीतल्या कारागिराच्याही हातची गोष्ट झाली आहे, आणि साध्या बांधकामी पोलादाचा सांधा नीट भरला असेल तर तो बहुधा पत्र्याइतकाच, किंबहुना पत्र्याहूनही बळकट असतो. ओढून पाहिले तर पत्रा तुटतो, सांधा तुटत नाही. पोलादावर पोसलेल्या अभियंत्याच्या मनात सांध्याविषयीची जी निश्चिंती असते ती येथून आलेली आहे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही निश्चिंती सोडून द्यावी लागते.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियस तापमानास वितळते. परंतु त्याच्या पृष्ठभागावर हवेच्या स्पर्शाने क्षणार्धात जमणारी ऑक्साइडची साय वितळावयास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. आतला धातू पाण्यासारखा पातळ झाला तरी वरची साय तशीच राहते आणि तिचे तुकडे सांध्यात अडकतात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन वायू घन धातूच्या सुमारे वीसपट विरघळतो. धातू थिजू लागताच तो वायू बाहेर पडू पाहतो आणि वाट न मिळाल्यास पोकळ्या करून आतच राहतो. थिजताना या धातूचे आकारमान सहा-सात टक्क्यांनी घटते. त्या आकुंचनाच्या ओढीने अर्धवट थिजलेल्या सांध्यास भेगा पडतात. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या तांबेमिश्रित व जस्तमिश्रित उच्चबल मिश्रधातूंपैकी अनेकांना या कारणांमुळे दीर्घकाळ ‘वेल्डिंगला अयोग्य’ असेच मानले जात असे, आणि विमानाचे अंग लाखो रिबिटांनी शिवावे लागे.

या अडचणींचे मूळ वितळण्यात आहे. धातू वितळूच दिला नाही तर साय, वायू आणि थिजतानाच्या भेगा या तिन्ही शत्रूंचा एकदमच बंदोबस्त होतो. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस व त्यांचे सहकारी यांनी डिसेंबर १९९१ मध्ये ज्या पद्धतीचे एकस्व मागितले ती हीच. तिला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. मराठीत घर्षण-मंथन जोडकाम म्हणावयास हरकत नाही. वेल्डिंगला मराठीत ‘वितळजोडकाम’ असा जो शब्द घडविण्यात आला तो मात्र येथे चालणार नाही, कारण येथे वितळत काहीच नाही.

कृती पुढीलप्रमाणे असते. दोन पत्रे कडेला कड लावून लोखंडी बैठकीवर घट्ट आवळतात. कठीण पोलादाचे एक गोल हत्यार असते. त्याला रुंद खांदा आणि खांद्याच्या मध्यावर पत्र्याच्या जाडीहून किंचित आखूड अशी खुंटी असते. हत्यार वेगाने फिरवीत खुंटी दोन्ही कडांच्या फटीत घुसवितात, खांदा पत्र्यावर दाबतात आणि मग हत्यार फटीच्या रेषेवरून पुढे सरकवितात. घर्षणाने व धातूच्या अंतर्गत मळणीने तापमान सामान्यतः ४०० ते ५०० अंशांपर्यंत चढते. एवढ्या उष्णतेत ॲल्युमिनियम वितळत नाही, पण मळलेल्या कणकेसारखे मऊ होते. फिरती खुंटी पुढचा धातू ओढून मागे नेते, खांदा त्याला वरून दाबून धरतो, आणि हत्याराच्या मागे दोन्ही पत्र्यांचा धातू एकजीव होऊन राहतो. ठिणगी नाही, धूर नाही, डोळे दिपविणारा प्रकाश नाही. खांद्याने उमटविलेल्या बारीक अर्धवर्तुळांची एक पट्टी तेवढी मागे राहते. कल्पना सर्वस्वी नवी आहे असे नव्हे. लोहाराने दोन लाल गोळे एकमेकांवर ठेवून घणाने ठोकून एक केले तेव्हाही लोखंड वितळलेले नव्हतेच. नवीन आहे ती घुसळण.

वितळणे टळले म्हणजे सर्व साधले, असे मात्र नाही. या पद्धतीचा गौरव करणाऱ्या लेखांत नेमका हाच भाग घाईने उरकलेला असतो. ॲल्युमिनियमच्या उत्तम मिश्रधातूंचे बळ कोठून येते हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या सांध्याचे बळ समजणार नाही. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. १९०६ साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञास असे आढळले की तांबे व मॅग्नेशियम यांचे मिश्रण केलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडविले आणि काही दिवस नुसते ठेवून दिले तर ते आपोआप कठीण होते. या मुरण्याचे रहस्य उलगडावयास बत्तीस वर्षे लागली. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे दाखवून दिले की मिसळलेल्या धातूचे अणू स्फटिकाच्या आत अतिसूक्ष्म पुंजक्यांच्या रूपाने गोळा होतात. हे पुंजके स्फटिकातील घसरणीला अडसर घालतात, आणि तो अडसर म्हणजेच धातूचे बळ. लोणचे कमी मुरले तर कच्चे आणि फार मुरले तर गाळ, तशीच गत येथे आहे. पुंजके फार बारीक असतील तर अडसर अपुरा पडतो. उष्णतेने ते फुगून विरळ झाले तर घसरण त्यांना वळसा घालून निघून जाते.

घर्षण-मंथनाची उष्णता या मुरवणीत ढवळाढवळ करते. सांध्याच्या मध्यभागी, जेथून खुंटी जाते तेथे, धातूचे कण घुसळले जाऊन काही मायक्रॉन आकाराचे बारीक होतात. हा भाग सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणा दिसतो आणि शोधनिबंधांतून त्याचीच छायाचित्रे अधिक छापली जातात. तेथील पुंजके बव्हंशी पुन्हा विरघळलेले असतात. त्यामुळे सांधा काही दिवस ठेवून दिला किंवा सौम्य उष्णतेत मुरविला तर तेथील काही बळ परत येते. खरी दुबळी जागा त्याच्या दोन्ही अंगांस असते. तेथे खुंटी पोहोचत नाही, धातू घुसळला जात नाही, केवळ उष्णतेची आच लागते. ती आच पुंजके विरघळविण्याइतकी तीव्र नसते, पण त्यांना फुगविण्याइतकी पुरेशी असते. हा उष्णताबाधित पट्टा अतिमुरलेला असतो आणि पुन्हा मुरवून त्याचे बळ परत येत नाही. ६०६१ या क्रमांकाच्या, मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेल्या प्रचलित मिश्रधातूचा पूर्ण मुरविलेला पत्रा घेतला तर त्याचा काठिण्यांक विकर्स मापाने ११० च्या आसपास असतो. सांध्याच्या बगलेस तो ६० ते ७० पर्यंत खाली येतो. सांधा ओढून तोडला तर तो बहुधा मध्ये तुटत नाही, बगलेस तुटतो.

ठठेऱ्यास हे वेगळ्या भाषेत ठाऊक असते. काशीपुऱ्यातील कारागीर तांब्या-पितळेच्या पत्र्यावर ठोकून नक्षी उठवितात. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तो तापवून मऊ करून घेतात आणि पुन्हा ठोकतात. तापविले की कमावलेले बळ जाते, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. फरक एवढाच की त्यांना पत्रा मऊच हवा असतो. पूल, होडी वा रेल्वेचा डबा बांधणाऱ्याला तो मऊ झालेला परवडत नाही.

आता आकडे पाहावेत. पूर्ण मुरविलेल्या ६०६१ पत्र्याकडून दर चौरस मिलिमीटरला किमान २९० न्यूटन ताण सोसण्याची अपेक्षा असते. तोच पत्रा वितळवून जोडला तर अमेरिकेच्या वेल्डिंग संस्थेच्या संहितेनुसार सांध्याकडून किमान १६५ न्यूटनचीच अपेक्षा धरतात, म्हणजे मूळच्या सुमारे ५७ टक्के. घर्षण-मंथनाने हे प्रमाण साधारणतः ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जाते. सुधारणा निश्चित आहे, परंतु चमत्कार नव्हे. याउलट ५०८३ सारखी मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू, जिचे बळ मुरवणीवर अवलंबून नसते, ती मऊ अवस्थेत जोडली तर सांधा मूळ पत्र्याइतकाच बळकट निघतो. जहाजबांधणीत तिला मान आहे तो काही अंशी यामुळेच. म्हणून ‘या पद्धतीने सांधा किती बळकट होतो’ या प्रश्नास, कोणत्या मिश्रधातूचा आणि तिच्या कोणत्या अवस्थेचा हे सांगितल्यावाचून, उत्तरच नाही.

असे असूनही या विषयावरील संशोधनाचा फार मोठा भाग एकाच आकड्याच्या मागे लागलेला दिसतो. हत्याराचे फेरे मिनिटाला किती असावेत, सरकण्याचा वेग किती असावा, हत्यार किती अंशांनी कलवावे, या तीन-चार गोष्टी बदलत जावयाचे, प्रत्येक सांध्यातून लहानसे तुकडे कापून ओढावयाचे, आणि ज्या जोडणीत आकडा सर्वांत मोठा आला तिला ‘सर्वोत्तम’ म्हणावयाचे, ही पद्धत देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून रूढ झाली आहे. काशीतील संस्थेतही या प्रक्रियेवर काम झालेले आहे आणि तेथील धातुशास्त्राची परंपरा पाहता ते होणे स्वाभाविकच होय. असे प्रयोग निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. विद्यार्थ्याचा हात त्यावर बसतो. परंतु एका यंत्रावर, एका जाडीच्या पत्र्यावर, दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या सांध्यात मिळालेला सर्वोत्तम आकडा दुसऱ्या यंत्रावर तसाच मिळेल याची हमी नसते, आणि सांधा वापरणाऱ्याला जे विचारावयाचे असते त्यांपैकी बहुतेक प्रश्नांना तो आकडा उत्तर देत नाही.

कारण सांधे सहसा एकदाच ओढून तोडले जात नाहीत. ते हजारो-लाखो वेळा थोडे थोडे ओढले जातात आणि मग एके दिवशी तुटतात. यास धातूचा शीण म्हणतात. पोलादाला शिणाची एक खालची मर्यादा असते. तिच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते सामान्यतः तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण कमी केला तर आयुष्य वाढते इतकेच. एकदा ओढले असता २९० न्यूटन सोसणाऱ्या ६०६१ धातूचे, न जोडलेल्या अवस्थेतही, ५० कोटी आवर्तनांनंतरचे बळ ९७ न्यूटनच्या आसपास धरले जाते. सांध्यात एखादा दोष असेल तर ते याहून कितीतरी खाली येते. घर्षण-मंथनाचा सांधा या बाबतीत वितळजोडापेक्षा बहुधा सरस ठरतो, कारण त्यावर उंचवटा नसतो आणि आत वायूच्या पोकळ्या नसतात. परंतु त्याचे स्वतःचे असे दोष असतात आणि ते अधिक कपटी आहेत.

त्यांतील पहिला दोष म्हणजे सांध्याच्या पोटातून लांबवर जाणारे भुयार. उष्णता कमी पडली वा हत्यार फार वेगाने सरकले तर मागची जागा धातूने पुरती भरत नाही. येथेच एक अवघड तडजोड करावी लागते. बगलेचा पट्टा कमी मऊ व्हावा म्हणून हत्यार वेगाने न्यावे तर भुयाराची भीती. भुयार टाळण्यासाठी सावकाश न्यावे तर पट्टा अधिक मऊ. भुयार निदान क्ष-किरणांत दिसते. दुसरा दोष त्याहून वाईट. खुंटी किंचित आखूड पडली तर तळाशी दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या चिकटून राहतात. त्यांच्यातील ऑक्साइडची साय मोडलेली नसते. फट नसल्यामुळे क्ष-किरणांना ती बहुधा दिसत नाही. ओढण्याच्या चाचणीतही असा सांधा कित्येकदा चांगला आकडा देतो, कारण तो बगलेच्या मऊ पट्ट्यातच तुटतो. पण शिणाच्या दृष्टीने ती तळाची रेषा म्हणजे आधीच पडलेली भेग होय. सर्वोत्तम ताणबलाचा सांधा आणि सर्वांत अल्पायुषी सांधा हे एकच असू शकतात, ही गोष्ट एका आकड्याच्या उपासकांनी मनावर घ्यावयास हवी.

यंत्रांचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे पुष्कळ प्रयोग उभ्या मिलिंग यंत्रात थोडाफार फेरफार करून केले जातात. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही; साधनांच्या टंचाईत काम करणाऱ्यांनी काढलेली ती युक्ती आहे. तथापि मिलिंग यंत्र हे धातू कापण्यासाठी घडविलेले असते, त्याला टनाएवढ्या भाराने खाली दाबून धरण्यासाठी नव्हे. दाब वाढला की त्याची मान किंचित वर उचलली जाते, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी उचल तळाची ती चिकटलेली रेषा निर्माण करावयास पुरेशी असते. कारखान्यांतील यंत्रे दाब सतत मोजतात व राखतात. ज्या निबंधात फेरे आणि वेग दिलेले असतात, पण दाब दिलेला नसतो, त्यातील सांधा दुसऱ्या कोणास पुन्हा करता येणार नाही.

यावर असे विचारले जाईल की देशाला या सूक्ष्म विवेचनाची निकड तरी काय? काशीच्या इंजिन कारखान्याचे मुख्य काम पोलादाचे. नवी दिल्लीहून काशीस १५ फेब्रुवारी २०१९ रोजी निघालेल्या पहिल्या वंदे भारत गाडीचे डबेही निष्कलंक पोलादाचेच होते. हे खरे आहे. परंतु पुण्याच्या मेट्रोमार्गावर मार्च २०२२ पासून ॲल्युमिनियमच्या अंगाचे, भारतात बांधलेले डबे धावत आहेत, आणि कोचीच्या खाडीत एप्रिल २०२३ पासून ॲल्युमिनियमच्या जोडनावा उतारू नेत आहेत. जपानमध्ये पोकळ ॲल्युमिनियम पट्ट्या घर्षण-मंथनाने जोडून रेल्वेचे डबे बांधण्याची रीत गेली पंचवीसेक वर्षे चालू आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. डब्याचे वजन घटले की दर फेरीला वीज वाचते. हा धातू आज ना उद्या उतारूंच्या अंगाभोवती येणार आहे, आणि तेव्हा त्याच्या सांध्यांचा हिशेब मागण्याचा अधिकार उतारूंना राहील.

दुसराही एक हिशेब आहे, आणि तो रेणुकूटचा आहे. एक किलोग्रॅम ॲल्युमिनियम विद्युत्-विच्छेदनाने गाळावयास तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. आरंभी ती रिहंदच्या पाण्यावर निर्माण झाली, आणि त्या जलाशयाखाली खेडी बुडाली, माणसे उठून दुसरीकडे गेली. अशा किमतीचा धातू सांध्यापाशी तिसरा वा अर्धा हिस्सा दुबळा करून सोडणे आणि मग ती उणीव भरून काढण्यासाठी सबंध पत्राच जाड घेणे, ही उधळपट्टी आहे. शहाणा रचनाकार तसे करीत नाही. साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा आकार हवा तसा ठेवता येतो. ज्या कडेवर सांधा यावयाचा तेवढीच कड जाड ठेवली की बगलेच्या मऊ पट्ट्यास सोबतीला अधिक धातू मिळतो आणि बाकीची पट्टी पातळच राहते. सांध्याची जागाही अशी निवडता येते की तेथे ताण कमीत कमी यावा. मात्र कड किती जाड ठेवावी हे ठरविण्यास मऊ पट्ट्याची रुंदी, त्याचे काठिण्य आणि शिणाचे आकडे लागतात. ते प्रयोगशाळेनेच द्यावयाचे असतात, आणि सर्वोत्तम फेऱ्यांचा तक्ता त्यांची जागा घेऊ शकत नाही.

या कामासाठी काशीसारखी जागा शोधून सापडणार नाही. मूळ एकस्वांची मुदतही आता संपलेली आहे. शिणाच्या चाचण्यांना वेळ लागतो. एकेक तुकडा यंत्रावर दिवसेंदिवस डोलत राहतो आणि दोन वर्षांत प्रबंध पुरा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास तो परवडत नाही. म्हणून हे काम एकट्या विद्यार्थ्यावर न सोपविता विभागाने वर्षानुवर्षे चालवावयाचे आहे. रेणुकूटच्या एकाच घाणीतील पत्रा, मीटरभर लांबीचे सांधे, दाबाची नोंद, आणि फसलेल्या सांध्यांचीही चांगल्यांइतकीच प्रसिद्धी, एवढे झाले तरी पुष्कळ. तळाची चिकटलेली रेषा ओळखण्यासाठी तर महाग यंत्रही लागत नाही. सांध्याच्या दोन्ही टोकांचा भाग तसाही कापून टाकावा लागतो, कारण हत्यार जेथून वर निघते तेथे खुंटीचे भोक राहते. त्या टाकाऊ टोकाची एक पट्टी कापावी, तिचा तळ बाहेरच्या अंगास येईल अशी धरावी, आणि रुळावर दाबून वाकवावी. तळ जुळला असेल तर पट्टी निमूटपणे वाकते. नसेल तर ती सांध्याच्या रेषेवर पुस्तकासारखी उघडते.